मुख्याध्यापक व्हायचंय? कोर्सची फी भरण्याआधी ज्येष्ठता यादी काढा

प्रश्न विचारणारे शिरपूर तालुक्यातले शिक्षक आहेत. २०१० च्या भरतीत ठाणे जिल्हा परिषदेत लागले, आज जो भाग पालघर जिल्ह्यात आहे तिथे नोकरी केली आणि २०१८ मध्ये आंतरजिल्हा बदलीने धुळे जिल्ह्यात आले. लागताना डी.एड. होते, नंतर बी.ए., बी.एड. केलं. वय चाळिशीच्या आसपास. मुख्याध्यापक व्हायचं आहे, जमलं तर पुढे केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटावर देखरेख करणारा. त्यांनी विचारलंय, "एम.एड. करू की शालेय व्यवस्थापनाची पदविका?" शेवटी एक ओळ आहे की पत्नी एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षिका आहेत, संस्थेच्या यादीत तिसऱ्या आहेत, त्यांना काही वाव आहे का?

सर, तुम्ही कोर्सबद्दल विचारलंत, पण तुमची गाठ कोर्सपाशी अडलेली नाही. ती दोन ठिकाणी आहे. तुमचं नाव धुळे जिल्ह्याच्या ज्येष्ठता यादीत कुठे आहे, हे एक. आणि उद्या सकाळी शाळेच्या किल्ल्या हातात आल्या तर काय काय करावं लागेल याची तयारी किती आहे, हे दुसरं. पहिलं कागदावरचं आहे आणि त्यातलं बरंचसं आता तुमच्या हातात नाही. दुसरं पूर्ण तुमच्या हातात आहे, आणि नेमकं त्याकडेच आपल्याकडे कुणी बघत नाही.

मी जळगाव जिल्हा परिषदेत उपशिक्षिका म्हणून लागले. सातपुड्याच्या पायथ्याच्या एका द्विशिक्षकी शाळेचा पदभार सांभाळला, मग मुख्याध्यापिका झाले आणि केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाले. आमचे यजमान खाजगी संस्थेत मुख्याध्यापक होते, त्यामुळे त्या बाजूची भांडणंही जेवणाच्या ताटावर ऐकलेली आहेत. जे सांगते ते या दोन घरांतल्या अनुभवातून. शासन निर्णय बदलत राहतात, म्हणून अर्ज करण्याआधी शेवटचा आदेश स्वतः वाचा, व्हॉट्सअॅपवर फिरणारा सारांश नको.

आधी यादी. जिल्हा परिषदेत पदोन्नती जिल्ह्याच्या सेवाज्येष्ठतेवर चालते. दरवर्षी १ जानेवारीच्या स्थितीवर यादी निघते, आधी तात्पुरती, मग हरकती घेऊन अंतिम. आंतरजिल्हा बदलीने आलेल्या शिक्षकाची ज्येष्ठता नव्या जिल्ह्यात हजर झाल्याच्या तारखेपासून धरतात. आपल्या खान्देशातली किती तरी पोरं ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरीला लागली, आठ-दहा वर्षं भाड्याच्या खोलीत काढली, आणि गावाकडे परतण्याच्या आनंदात ही अट सहीनिशी मान्य करून आली. पगार, वेतनवाढ, बारा वर्षांची चटोपाध्याय (म्हणजे बारा वर्षांच्या सेवेनंतर लागणारी वरिष्ठ वेतनश्रेणी) यांसाठी जुनी सेवा धरली जाते, म्हणून अनेकांना वाटतं की सगळंच बरोबर आलं. पदोन्नतीच्या रांगेत मात्र तुम्ही २०१८ चे आहात. २०१० ला तुमच्यासोबत लागलेला जो मित्र थेट धुळे जिल्ह्यात लागला, तो तुमच्या पुढेच राहणार. याचं वाईट वाटून घेऊ नका. आई-वडिलांजवळ आलात, ते मोलाचंच आहे. फक्त हिशोब २०१८ पासून मांडा. यादीत तुमच्या पुढे किती जण आहेत आणि त्यातले येत्या काही वर्षांत निवृत्त किती होतात, हे एका रविवारी बसून मोजता येतं. यादीत जन्मतारीख असतेच.

मोजणी केल्यावर दुसरी गोष्ट दिसेल. मुख्याध्यापकाची पदंच थोडी आहेत. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाप्रमाणे पहिली ते पाचवीला १५० च्या वर पट असेल तर मुख्याध्यापकाचं स्वतंत्र पद, आणि सहावी ते आठवीला १०० च्या वर पट असेल तर पूर्णवेळ मुख्याध्यापक. शिरपूरच्या उत्तरेच्या पाड्यांवर, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्यात एवढा पट किती शाळांना आहे, तुम्हीच बघा. पट घसरला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं मंजूर होतात त्यात, पद जातं. म्हणजे आपल्या भागातल्या बहुसंख्य शाळा चालवतो कोण? पदभार असलेला उपशिक्षक. पद नाही, वेगळा पगार नाही, पण सही त्याचीच, आणि तपासणीला उभा तोच.

इथे माझं सरळ मत आहे. हा पदभार टाळू नका. आपल्याकडे शाळेत तीन शिक्षक असले की पदभार नको म्हणून तिघं एकमेकांकडे बघतात. "फुकटचं ओझं कोण घेतो?" ते ओझं आहेच, खोटं कशाला बोलू? पण मुख्याध्यापकी शिकण्याची दुसरी जागा मला सापडलेली नाही. शाळेच्या पैशाचा, धान्याचा, दाखल्याचा, माणसांचा व्यवहार कुठल्याही पदविकेत हाताला लागत नाही. पन्नाशीत पहिल्यांदा पदोन्नतीने खुर्चीवर बसलेले आणि कधीच पदभार न घेतलेले मुख्याध्यापक मी केंद्रप्रमुख म्हणून जवळून पाहिले. हुशार माणसं, वर्गात उत्तम शिकवणारी. पण पहिली दोन वर्षं कुणीतरी कनिष्ठ शिक्षक त्यांचं सगळं भरून देई आणि हळूहळू शाळा त्या कनिष्ठाच्या हाती जाई. सही एकाची, सत्ता दुसऱ्याची. अशा शाळेत वाद लवकर सुरू होतात.

पदभार मिळाला, किंवा न मिळताही मुख्याध्यापकांकडून काम मागून घेतलं, तर आधी दप्तर, म्हणजे शाळेच्या नोंदी आणि कागदपत्रं, शिका. जनरल रजिस्टर म्हणजे दाखलखारीज. त्यातली नावाची, जन्मतारखेची, जातीची एक नोंद चुकली तर वीस वर्षांनी त्या पोराची जात वैधता अडकते, आणि जुनं रजिस्टर उघडलं की अक्षर तुमचं निघतं. आदिवासी पट्ट्यात तर हे जपून करा. पालक बोलतात पावरी किंवा भिली, आपण ऐकतो मराठीत आणि आडनावाच्या, पोटजातीच्या नोंदी आपल्या कानाला जशा वाटतात तशा लिहून मोकळे होतो. कागद बघितल्याशिवाय एक अक्षर लिहू नका, आणि लिहिल्यावर पालकाला वाचून दाखवा. नंतर दुरुस्तीसाठी वरिष्ठांची मंजुरी लागते आणि त्या बिचाऱ्याचे तालुक्याला खेटे सुरू होतात.

मग कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, आणि धान्य साठा. पोषण आहाराची रोजची ऑनलाइन नोंद, कोठीतला तांदूळ आणि साठा नोंदवही या तिघांचा मेळ रोज संध्याकाळी पाच मिनिटांत लागतो. महिनाअखेरीला बसलात तर लागत नाही, लावावा लागतो. फरक समजला असेलच. शाळा व्यवस्थापन समितीच्या खात्यातून पैसे काढण्याआधी ठराव, मग खर्च, मग पावती, हा क्रम कधी उलटा करू नका, गाव कितीही भलं असलं तरी. यू-डायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीत भरलेल्या आकड्यांवर पुढे पुस्तकं, अनुदान, संच मान्यता, सगळं ठरतं. सायबर कॅफेत पोराला बसवून माहिती भरून घेणाऱ्या शाळांची पदं नुसत्या आधारच्या जुळणीत अडकलेली मी पाहिली आहेत. तालुक्याला ज्यांना 'बाबूगिरी' म्हणून हसतात ती हीच कामं. मी त्यांना इतकं वजन देते, कारण ज्याचं दप्तर रोज अर्ध्या तासात उरकतं त्याच्याकडे वर्गात जायला दिवस उरतो. बाकीचे टपालातच बुडतात आणि मग म्हणतात, मुख्याध्यापकाला शिकवायला वेळच मिळत नाही.

दुसरं काम गावाचं. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात, असं कायदा सांगतो, मुख्याध्यापक सचिव. प्रत्यक्षात बऱ्याच शाळांत इतिवृत्त आधी लिहून ठेवतात आणि रजिस्टर घरोघर सहीला फिरतं. तुम्ही सचिव झालात तर सभा खरी घ्या, आणि पालकांच्या वेळेला घ्या. केळीच्या किंवा कपाशीच्या हंगामात सकाळी अकराला सभा लावली तर कोण येणार? आमच्या शाळेत संध्याकाळी, देवळाच्या ओट्यावर सभा व्हायची. तिथे अहिराणीत एकाने विचारलं, "मास्तरीनबाई, आमना पोऱ्या काय शिकस, ते तं सांगा." त्याला सत्र परीक्षेचं मूल्यमापन समजावून काही उपयोग नव्हता. पोराला उभं केलं, पुस्तकातला धडा वाचायला दिला. वाचता आलं नाही. सगळ्या गावासमोर. त्या दिवसापासून सभेला माणसं यायला लागली, कारण सभेत खरं काही कळतं हे त्यांना दिसलं. हे धाडस प्रत्येकाने करावं असं म्हणत नाही. मूल लाजरं असेल तर मुळीच करू नका. पण गावाला निकाल दाखवायची काही तरी रीत शोधा.

आपल्याकडची आणखी एक खास अडचण म्हणजे दिवाळीनंतरचं स्थलांतर. नंदुरबारहून, साक्रीकडून कुटुंबंच्या कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला जातात आणि वर्ग ओस पडतो. शिकवणारा शिक्षक हजेरीत खाडे मांडतो. शाळा चालवणारा माणूस दिवाळीच्या आधीच यादी करतो की कोणतं घर जाणार, कोणतं मूल आजीजवळ राहू शकतं, कोणासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पाठवायचा, कोणाच्या हाती शिक्षण हमी कार्ड द्यायचं. सप्टेंबरात यादी झाली तर प्रस्ताव वेळेत जातो, नोव्हेंबरात केली तर मुलं गेलेली असतात. वर्गातल्या शिक्षकाचा आणि शाळा चालवणाऱ्याचा फरक मला तरी इथेच सगळ्यात स्पष्ट दिसतो, आणि यासाठी पद लागत नाही.

तिसरं, सहकाऱ्यांच्या वर्गात जाणं. याबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्यासारख्या तरुण माणसाची अडचण इथेच होईल. तुमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे गुरुजी त्याच शाळेत असतील. त्यांच्या वर्गात वही घेऊन गेलात तर त्या दिवसापासून बोलणं बंद. मी आधी माझ्या वर्गात त्यांना बोलवायची. "दादा, भागाकार माझ्या पोरांना जमत नाहीये, जरा बसून बघा कुठे अडतात." ते येत, बसत, दोन शब्द सांगत. मग त्यांच्या वर्गात जाणं अवघड राहत नसे. गेल्यावर मागे मुलांशेजारी बसायचं, फळ्याकडे नाही तर मुलांच्या वह्यांकडे बघायचं आणि बाहेर आल्यावर एकाच गोष्टीवर बोलायचं. पाच त्रुटी सांगितल्या की माणूस पाचही विसरतो, अपमान तेवढा लक्षात ठेवतो. लॉगबुकात शेरा लिहायचाच असेल तर आधी तोंडी सांगून झालेलंच लिहा. लेखी शेऱ्यातून कुणाला काही पहिल्यांदा कळू नये, हा नियम मी केंद्रप्रमुख झाल्यावरही पाळला.

साने गुरुजींचं नाव आपल्याकडे प्रत्येक निरोप समारंभात निघतं. १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते, हे सगळे सांगतात. तिथल्या छात्रालयाची जबाबदारीही त्यांनी उचलली होती, म्हणजे मुलांचं जेवणखाण, आजारपण, स्वच्छता, रात्रीबेरात्रीची उठाठेव, हे सांगताना मात्र वक्ते घाईत असतात. असो.

आता कागदाकडे परत येते, कारण काम येऊनही कागदापायी मागे राहिलेले लोक मी पाहिले आहेत. तुमच्या बाबतीत सगळ्यात तातडीचा कागद टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, आहे. तुम्ही २०१० च्या भरतीतले, म्हणजे राज्यात टीईटी सुरू होण्याआधीचे. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पहिली ते आठवीच्या सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी लागू केली. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्यांनी दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं आहे; पाच वर्षांहून कमी राहिलेल्यांना नोकरीपुरती सूट आहे, पण पदोन्नती हवी तर त्यांनाही टीईटी लागेल. चाळिशीतल्या माणसाला दोन्ही बाजूंनी यातून सुटका नाही. परीक्षा १५० गुणांची, खुल्या प्रवर्गाला ६० टक्के म्हणजे ९० गुण. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. तुम्ही बी.ए., बी.एड. आहात, दोन्ही द्या. संघटना काय करतील, शासन काही दिलासा देईल का, याची वाट बघत बसण्यापेक्षा बालमानसशास्त्राचं पुस्तक उघडलेलं बरं. दिलासा मिळाला तरी केलेला अभ्यास वाया जात नाही.

त्याखालोखाल सेवापुस्तक. आंतरजिल्हा बदलीत मूळ सेवापुस्तक जुन्या जिल्ह्यातून आलं का, नोंदी पूर्ण आहेत का, हे स्वतः पंचायत समितीत जाऊन बघा. स्थायित्वाचा आदेश, जात वैधता असल्यास ती, मराठी-हिंदी भाषा परीक्षेची सूट किंवा उत्तीर्णता, एमएस-सीआयटी, बी.ए. आणि बी.एड. यांच्या नोंदी. बी.एड. करताना कार्यालयाची पूर्वपरवानगी घेतली होती का? घेतली असेल तर आदेश शोधून ठेवा. नसेल तर पदोन्नतीच्या वेळी तेच नेमकं विचारतील. गोपनीय अहवाल दरवर्षी लिहून जातो का, मत्ता-दायित्व दिलंय का, तेही बघा. पदोन्नतीचं समुपदेशन, म्हणजे शाळा निवडायला बोलावतात ते, अचानक लागतं, दोन दिवसांची मुदत असते, आणि एका कागदापायी नाव खाली घसरतं.

यानंतर तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. एम.एड. केल्याने ज्येष्ठता एक दिवसानेही वाढत नाही. पुढे डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) किंवा अध्यापक महाविद्यालयाकडे वळायचा विचार असेल तर एम.एड.ला किंमत आहे, मुख्याध्यापकपदासाठी नाही. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका आपल्याकडे पुष्कळ शिक्षक करतात. करायला हरकत नाही, नोकरी सांभाळून होते, कायदे आणि नियम एकत्र वाचले जातात. पण तिच्यामुळे पदोन्नती मिळते असा जो समज आहे तो सोडा. मला विचाराल तर यंदा टीईटी, पुढच्या वर्षी वाटलं तर पदविका. दिल्लीच्या नीपा या संस्थेचं शाळा नेतृत्वाचं ऑनलाइन प्रशिक्षणही आहे, ते मोबाइलवरून होतं.

केंद्रप्रमुखाची वाट तुमच्यासाठी मुख्याध्यापकपदापेक्षा जवळची असू शकते, हे मुद्दाम सांगते. १९९४ मध्ये ही पदं आली. आताच्या धोरणात निम्मी पदं पदोन्नतीने आणि निम्मी मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने भरायची आहेत. परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. परीक्षेच्या वाट्यात ज्येष्ठतेला मार्क नाहीत, म्हणून ज्येष्ठता गमावलेल्या तुमच्यासारख्यांसाठी हे एक दार उघडं आहे. अडचण एवढीच की २०२३ मध्ये अधिसूचना निघूनही परीक्षा लांबत गेली आणि पात्रतेच्या अटींवरून वाद झाले. म्हणून जाहिरात येईल तेव्हा अट शब्दशः वाचा आणि अभ्यास आधी चालू ठेवा. शिक्षण हक्क कायदा, शासनाच्या योजना, मूल्यमापन, बुद्धिमत्ता चाचणी यांवर भर असतो. त्यातलं निम्मं पदभार घेतलेल्या माणसाला तोंडपाठ असतं. विस्तार अधिकाऱ्याच्या जागा पदोन्नती, विभागीय परीक्षा आणि सरळसेवा अशा तिन्ही मार्गांनी भरतात. त्याच्या वरची उपशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी ही पदं एमपीएससीच्या बाजूची. वयाची अट बघून तिकडे जायचं का ते ठरवा, मी त्यात फार खोल जात नाही.

आणि पैशाचं उघड बोलू या. बारा वर्षांची चटोपाध्याय लागली की मुख्याध्यापक झाल्यावर पगारात फार भर पडत नाही. शाळा मात्र चाळीस किलोमीटर लांबची मिळू शकते. म्हणूनच पुष्कळ जण, त्यातही शिक्षिका, पदोन्नती लेखी नाकारतात. त्यांना मी नावं ठेवत नाही. घरी सासूबाई अंथरुणावर असताना पिंपळनेरच्या पलीकडे रोज जा-ये करणं काय असतं ते मला माहीत आहे. पण नकार लिहिण्याआधी त्याचा पुढच्या संधीवर आणि वेतनाच्या लाभांवर काय परिणाम होतो ते कार्यालयाकडून लेखी समजून घ्या. स्टाफरूममधल्या सल्ल्यावर सही करू नका.

तुमचा भाग थोडक्यात असा: यादीत २०१८ धरून मोजणी, टीईटी लगेच, सेवापुस्तक स्वतः तपासणं, केंद्रप्रमुख परीक्षेचा अभ्यास चालू ठेवणं, आणि मिळेल तिथे पदभार.

आता तुमच्या घरच्यांचं, म्हणजे पत्नीचं. खाजगी शाळेचा कायदा वेगळा आहे. १९७७ चा सेवाशर्ती अधिनियम आणि १९८१ ची नियमावली. माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकासाठी पदवी, बी.एड. आणि पदवीनंतर किमान पाच वर्षं पूर्णवेळ अध्यापनाचा अनुभव, त्यातली किमान दोन वर्षं बी.एड. झाल्यानंतरची. ही पात्रता आणि समाधानकारक सेवा असलेल्यांतला सर्वात ज्येष्ठ शिक्षक नेमायचा, असा नियम आहे. संस्थेच्या एकापेक्षा जास्त शाळा असतील तर सगळ्या शाळा मिळून ज्येष्ठता बघतात. अल्पसंख्याक संस्थेला मुख्याध्यापक निवडण्यात मोकळीक आहे, तेवढं आधी तपासा. तशी संस्था असेल तर पुढचं बरंचसं लागू होणार नाही.

त्या तिसऱ्या आहेत म्हणता. कोणत्या यादीत? शाळेच्या की संस्थेच्या? ही यादी दरवर्षी फिरवून सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या असतात. अनेक शिक्षिका शिपायाने पुढे केलेल्या कागदावर तास चालू असताना सही करतात. तसं करू नका. यादी हातात घ्यायची, आपली नेमणुकीची तारीख, बी.एड.ची तारीख, प्रवर्ग आणि आपल्या वरच्या नावांच्या तारखा बघायच्या, झेरॉक्स ठेवायची, मग सही. माध्यमिक शाळेत नोकरीला लागताना कुणी डी.एड. असेल आणि बी.एड. नंतर झालं असेल, तर पदवीधर प्रशिक्षित प्रवर्गातली त्याची जागा बी.एड.च्या तारखेपासून मोजली जाते. खान्देशातल्या संस्थांत निम्मे वाद याच तारखेवरून होतात. हरकत असेल तर लेखी द्या आणि पोच घ्या. वर्षानुवर्षं हरकतीशिवाय सह्या केल्या आणि पद रिकामं झाल्यावर भांडायला उठलात तर तुमच्याच सह्या तुमच्यापुढे ठेवतील.

पद रिकामं होण्याच्या वर्षभर आधीपासून एक खेळ चालतो. संस्थाचालकांच्या जवळचा कुणी कनिष्ठ असतो आणि ज्येष्ठांना गोड बोलून हक्क सोडल्याचं पत्र मागतात. "मॅडम, तुम्हाला कशाला डोक्याला ताप? मीटिंगा, कोर्टकचेऱ्या, संध्याकाळचे कार्यक्रम..." बायकांना हे हमखास ऐकवतात. खरंच नको असेल तर द्या, ती तुमची मर्जी. पण नको का आहे ते घरी बसून ठरवा, कार्यालयात उभ्या उभ्या नाही. यजमानांच्या संस्थेत एका बाईंकडे असं पत्र मागितलं तेव्हा त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "विचार करून कळवते," आणि पुढे त्याच पदावर बसल्या. डावललं गेलंच तर शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. ही मुदत आपसांत समजुतीच्या चर्चा करण्यात निघून जाते, म्हणून चर्चा करा, पण कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा.

वाट लांब असेल तर मधल्या पायऱ्या आहेत: पर्यवेक्षक, उपमुख्याध्यापक. ही पदं शाळेच्या आकारावर असतात, छोट्या शाळेत नसतात. पर्यवेक्षकपद मिळत असेल तर त्यांनी जरूर घ्यावं. वेळापत्रक, बदली तास, परीक्षा, पालकांच्या तक्रारी यांतून माणसं ओळखता येतात. शिवाय शालार्थ या ऑनलाइन प्रणालीतलं वेतन बिल, वेतन पथकाचा पत्रव्यवहार आणि बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांची नोंदवही) लिपिकाजवळ बसून समजून घ्यायला सांगा. माध्यमिकचा मुख्याध्यापक बहुतेक वेळा लिपिकावर अवलंबून असतो, आणि बिल कसं बनतं हेच माहीत नसलेल्या मुख्याध्यापकाला लिपिक कसाही फिरवतो.

यादी काढलीत की तुमचा आणि तुमच्या घरच्यांचा क्रमांक, आणि दोघांच्या पुढच्या नावांच्या निवृत्तीची वर्षं, एवढं लिहून पाठवा. मग मुख्याध्यापकपदाची रांग धरायची की केंद्रप्रमुख परीक्षेला जोर लावायचा, ते आकडे बघून बोलू.